सांधा वाळूकडेच होता

अमावास्येला रस्त्याच्या तिकटीवर कुणी उतरून टाकलेली लिंबं उचलून आणून त्यांचं सरबत प्यायलेला माणूस आहे मी. भूत, भानामती, अंगात येणं... यातल्या कशावर माझा कधी विश्वास नव्हता आणि खरं सांगायचं तर आजही नाही. त्यामुळेच हा अनुभव इतकी वर्षं परत कुणाला सांगितला नाही. लोक हसतील याची भीती नव्हती. ते आधीच हसून झाले होते, तोंडावर.

आमचे वडील, आबा, कोल्हापूरच्या बाजूला एका कारखान्याच्या रेल्वे सायडिंगवर सांधेवाले होते. कारखाना कुठला ते लिहीत नाही, उगाच कुणीतरी भांडायला यायचं. सांधेवाला म्हणजे जिथं एका रुळाचे दोन होतात तिथला खटका ओढून डबा कुठं जाणार ते ठरवणारा माणूस. आबांच्या सांध्याला दोन फाटे होते. एक पोत्यांच्या गोडाऊनकडे, दुसरा वाळूच्या ढिगाकडे. काम नसताना सांधा वाळूकडे लावून ठेवायचा, म्हणजे एखादी वॅगन चुकून सुटलीच तर वाळूत रुतून थांबेल, असा नियम.

एका दुपारी रिकामी वॅगन सुटली आणि गोडाऊनकडे गेली. सखाराम नावाचा हमाल तिथं पाठमोरा उभा होता. त्याचा पाय गुडघ्याखालून तुटला.

आबा सगळ्यांना एकच सांगत राहिले, "सांधा वाळूकडंच हुता. म्या सोत्ता लावल्याला. तरीबी ती गोडावनाकडं गेली." आता हे कोण ऐकून घेणार? मी तेव्हा त्याच कारखान्यात सुतार होतो. साहेबांनी मला बोलावलं. म्हाताऱ्याकडून चूक लिहून घे, नाहीतर दोघंही घरी बसा, म्हणाले. आबांना लिहिता येत नव्हतं. कबुलीजबाब मी लिहिला — 'दुपारी डोळा लागल्यामुळे सांधा गोडाऊनकडेच राहिला.' डोळा लागला हे साहेबांनीसुद्धा सांगितलं नव्हतं हो. ते मी माझ्या मनानं घातलं, वाचणाऱ्याला पटावं म्हणून. आबांनी कागदाकडे न बघता अंगठा उठवला. त्यांची नोकरी गेली, माझी राहिली. पुढे गावात पोरंसोरंसुद्धा त्यांना 'डुलकी' म्हणून हाक मारायला लागली.

मलाही तिथं राहवेना. वर्षभरात आम्ही कोल्हापुरात आलो आणि मी उद्यमनगरात एका फौंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून लागलो. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करतात, ते आमचं काम. आबा घरात भिंतीला टेकून बसलेले असायचे. माझ्याशी गरजेपुरतं बोलायचे — चहा आण, दार लाव.

मिरजेची लाईन मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, त्यानंतर दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. ती जुनी सायडिंग तोवर उखडूनही झाली होती. खंडेनवमीला आमच्या उद्यमनगरात हत्यारांची, मशिनांची पूजा जोरात असते. प्रत्येक शॉप काहीतरी देखावा करतं. त्या साली मालक म्हणाले, रेल्वे करूया.

माझ्या शेजारच्या बाकावरचा दिनकर लगेच हुरळला. "आख्खं कोल्लापूर स्टेशन करू की! चार प्लॅटफॉर्म, बोगदा, दोन इंजिनं!"

"आणि जागा किती? आठ फूट बाय दोन," मी म्हणालो. "एवढ्यात चार प्लॅटफॉर्म घातलेस तर जत्रेतली खेळणी दिसतील. थोडंच करायचं, पण खरं वाटलं पाहिजे."

मी आराखडा काढायला बसलो. फुटाला चार सूत, म्हणजे अर्धा इंच, हे प्रमाण धरलं, त्या हिशेबानं मीटरगेजच्या रुळांमधलं अंतर तेरा सूत. प्रत्येक रुळाला काहीतरी काम हवं, नुसता शोभेचा रूळ नको. फळी संपते तिथं रूळ कापल्यासारखा दिसू नये म्हणून तो झाडाआड न्यायचा. इंजिन नकोच, कारण अशा ठिकाणी ते दिवसातून एकदा येऊन जातं. एकच वॅगन, आणि ती फळीखालून दोऱ्यानं ओढायची. अर्धा कागद भरल्यावर मला कळलं की मी गोडाऊन काढलंय, वाळूचा ढीग काढलाय, मधे सांधा काढलाय. जवळून बघितलेली सायडिंग मला एकच होती, दुसरं काय येणार हातातून? कागद फाडायला हवा होता. नाही फाडला.

देखाव्यात सांधा हलवायची गरज नव्हती. तो कुठल्या बाजूला पक्का करायचा एवढाच प्रश्न होता. मी वाळूकडे लावला आणि स्क्रू मारला. लाज वाटली म्हणून असेल.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, जेवणाची सुट्टी संपत आलेली. लख्ख ऊन होतं. दोरा अजून जोडलेला नव्हता. मी आणि दिनकर गोडाऊनवर कौलं चिकटवत होतो, आणि वॅगन हलली.

दिनकर खो खो हसला. "ढाळ दिलायस मर्दा फळीला! हात गेलाच तुझा सवयीवर!"

पॅटर्न वाळूच्या साच्यातून अलगद सुटावा म्हणून आम्ही त्याच्या बाजूंना बारीक उतार देतो, तो ढाळ. आणि खरंच, रुळाखालच्या पट्टीला नकळत मी ढाळ दिलेला निघाला. असली चूक आम्हीच करू जाणे. मलाही हसू आलं. पट्टी काढली, रंधून सपाट केली, परत बसवली. लेव्हल बॉटल ठेवली, बुडबुडा बरोबर मध्यावर.

वॅगन परत निघाली.

खेळण्यासारखी नाही... जड, सावकाश, खऱ्या वॅगनसारखी. सांध्यापाशी आली आणि वळली. गोडाऊनकडे! सांधा वाळूकडे होता, स्क्रू जागच्या जागी होता, आणि ती गोडाऊनच्या दारात जाऊन थांबली. आम्ही चार वेळा करून बघितलं. बोटानं ढकलली की वाळूकडे जायची, जशी जायला हवी तशी. नुसती सोडून दिली की गोडाऊनकडे. चौथ्या खेपेला दिनकरनं स्वतः स्क्रू आवळला आणि फळीखाली उलट्या बाजूनं पाचर मारली, म्हणजे तिला चढ लागावा. ती चढ चढून गेली.

आबांची हकीकत दिनकरला माहीत होती. "तुझा बा खरं बोलत हुता की रं," एवढंच म्हणाला.

मी तसाच घरी पळालो आणि आबांना हाताला धरून घेऊन आलो. वाटेत सगळं सांगितलं. शॉपमध्ये स्टूल दिलं. आबांनी त्या सायडिंगवरून एकदा नजर फिरवली आणि ते स्टुलावर बसले. तीन वाजले, चार वाजले, साडेपाच झाले. वॅगन तसूभरही हलली नाही.

"आबा, शपथ घेऊन सांगतो, गेली होती..."

"म्या बगितलीया ती एकदा," आबा म्हणाले. "मला कशाला परत दावंल?"

मी रडायला लागलो. म्हणालो, उद्याच साहेबांकडे जातो, सगळं लिहून देतो, तुमचं नाव धुऊन काढतो.

आबा उठले. चप्पल पायात घालत म्हणाले, "काय लिवणार? लाकडाची गाडी आपसूक चालली म्हनून? जा की, सांग. आता कळंल तुला, खरं सांगताना कसं वाटतंय ते." आणि एकटेच घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पूजेला पन्नास-साठ माणसं होती. दोऱ्यानं ओढलेली वॅगन बघून सगळे वाहवा करत होते. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर मालकांना झालं ते सगळं सांगून टाकलं, आबांचं नाव घेऊन. मालक हसले. "सणासुदीचं पिऊन आलायस काय रं?" हशा पिकला. मी म्हणालो, दिनकरला विचारा.

मालकांनी दिनकरकडे बघितलं. दिनकरची नोकरी तात्पुरती होती, दिवाळीनंतर कायम करायचं बोलणं चाललेलं.

"न्हाय ओ," दिनकर खाली मान घालून म्हणाला. "फळीला ढाळ हुता."

तो दिवाळीनंतर कायम झाला. आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. शेवटपर्यंत त्यांनी हा विषय काढला नाही आणि मला काढू दिला नाही. मी साहेबांकडे गेलो नाही. ती फळी मालकांनी कुणाला तरी देऊन टाकली.

मॅग्नेट, जमिनीतला हादरा, उन्हानं लाकूड वाकणं, सगळा विचार करून झालाय. ती वॅगन का चालली आणि सांधा वाळूकडे असताना गोडाऊनकडे का वळली, हे मला आजही सांगता येत नाही. दिनकर खोटं का बोलला, ते मात्र मला त्याच क्षणी कळलं होतं.