टिटवीच्या बाजूचा बांध

१२ एप्रिल. शेततळ्याचं पाणी मोजायचं होतं. हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी आणि टोकाला दगड, एवढंच आमचं माप. मोटार दोन दिवस बंद होती, तरी एक गाठ जास्त कोरडी निघाली. नुसत्या उन्हानं एवढं पाणी आटत नाही. तळ्यातला प्लास्टिकचा कागद कुठंतरी फाटला होता, आणि मोसंबीची बाग पावसापर्यंत ह्याच पाण्यावर काढायची होती.

"घूस असंल, वहिनी," दीर म्हणाले.

तीन बांध आम्ही वाकून वाकून पाहिले. चौथ्यावर टिटवीनं चार अंडी घातली होती. आठवडाभर तिकडं कुणी फिरकलं नव्हतं.

"तिथं घूस कशाला जाईल? ही बाई कुत्र्याला टिकू देत न्हाई."

मलाही ते पटलं. टिटवी जे दिसतं त्याच्यावर धावून जाते आणि घूस मातीच्या आतून येते, हे डोक्यातच आलं नाही. दुपारी बांधाच्या बाहेरच्या अंगाला ओल दिसली तेव्हा वर चढले. अंड्यांपासून हातभरावर बीळ होतं, तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. अंडी तीनच उरली होती.

"आत्ताच उकरू," दीर कुदळ घेऊन आले.

"दोन तास लागतील. तेवढा वेळ टिटवी उठली, तर ह्या उन्हात अंडी शिजतील."

"मंग तीन अंड्यांपायी बाग वाळू द्यायची? पाणी चाललंय बिलकुल डोळ्यादेखत!"

त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हणाले, "लाइट आली की मोटार लावा. जाणारं पाणी झाडांना जाऊ द्या. बीळ उद्या ऊन यायच्या आत उकरू. पातळी फाटलेल्या जागेखाली गेल्याशिवाय ठिगळ तरी कुठं बसणार?"

"आणि लाइट नाही आली तर?"

तीन वाजले, चार वाजले. मी स्टार्टरच्या पेटीसमोरून हलले नाही. साडेपाचला पेटीवरचा दिवा लागला आणि मी मोटार चालू केली.

१३ एप्रिल. फटफटतानाच मी बांधावर गेले. टिटवी अंगावर झेपा घेत होती, म्हणून डोक्यावर घमेलं पालथं घातलं आणि बीळ उकरलं. घूस सापडली नाही. रात्रीतून पाणी फाटलेल्या जागेखाली उतरलं होतं; दिरांनी आतून ठिगळ चिकटवलं, मी माती ठोकून बसवली. ऊन वर यायच्या आत खाली उतरलो. मग घुशीच्या पिंजऱ्यात शिळं भजं अडकवलं आणि तो चौथ्या बांधाच्या पायथ्याशी लावून घरी आले.