कढईवरचा डिटेक्टर

कामशेतचा इब्राहिम तांबोळी आगीचे अलार्म दुरुस्त करतो. बिघाड कुणी केला, हे तो कधीच विचारत नाही. त्यानं माणसं मुकी होतात. त्रास कुणाला झाला विचारलं, की आपणहून बोलतात.

लोणावळ्याच्या चिक्कीच्या कारखान्यात मात्र मालक आदिनाथशेठनं आधीच सगळ्यांच्या तोंडाला कुलपं घातली होती. अलार्मच्या पॅनेलवर बिघाडाचा पिवळा दिवा लागलेला, आत बारीक किरकिर चालूच. "ज्यानं हात लावलाय, तो आज घरी जाणार!"

बाहेर धुकं गुरासारखं दाराशी उभं होतं.

इब्राहिमनं लाइन मधोमध सोडवून मीटर लावला. तिथून शेवटापर्यंतची तार शाबूत होती. म्हणजे खंड अलीकडे, भट्टीच्या खोलीत.

तिथं गुळाच्या पाकाची वाफ छताला चिकटली होती. कढईच्या नेमकं वर धूर हेरणाऱ्या डिटेक्टरची बैठक रिकामी. तिच्यावरून दसऱ्याचं वाळलेलं तोरण ओढून घेतलेलं. खाली मुक्ताबाई पाक ढवळत होती.

"मावशी, वाफेनं हा लय ओरडत असेल?"

"वरडतोय कसला, जीव खातोय! पळावं तर पाक करपतो, मग शेठ वरडतो. दोन भोंगे कसे सोसायचे?"

तो हसला. "मागं पॅकिंगला कोण असतं?"

"माझी सून, यशोधरा. का रं?"

"ही तार माळेसारखी ओवलीय. हितला मणी काढला, की पुढचे सगळे मुके. मागं आग लागली तर भोंगा वाजायचाच नाही."

मुक्ताबाईचा झारा थांबला. मागच्या खोलीतून यशोधराचं हसू आलं. ते विरेपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग शेंगदाण्याच्या डब्यातून तिनं फडक्यात गुंडाळलेला डिटेक्टर काढला.

"म्याच काढला. वाटलं, ह्यो एकलाच गप व्हईल."

इब्राहिम शेठकडे गेला. "इथं धुराचा डिटेक्टर चालत नाही, शेठ. त्याला वाफही धूरच वाटते. उष्णतेचा पाहिजे."

"ते ठीक. पण काढला कुणी?"

इब्राहिमनं मीटरची तार गुंडाळायला घेतली.

"म्या," मागून मुक्ताबाई म्हणाली. "घरी जायचं तर जाते. पर आदी मागल्या पोरींची तार जोडा."

शेठनं तोंड उघडलं.

"हिला घालवलंत," इब्राहिम हळूच म्हणाला, "तर पुढचा डबा कुणी उघडून दाखवणार नाही."

शेठ पिवळ्या दिव्याकडे बघत राहिला. "नवीन उद्या आणतोस?"

"गाडीत आहे."

नवा डिटेक्टर बसला, दिवा विझला, किरकिर थांबली. मग चाचणीसाठी इब्राहिमनं त्याच्यावर गरम हवा धरली. भोंगा बोंबलला. मुक्ताबाईनं भट्टी बंद केली आणि मागच्या दाराकडे धावली.

"अगं यशोधरे, ऊठ की! शेंगदाणं काय पळून जात न्हाईत!"

कढईत पाक घट्ट होत होता. शेठनं एकदा वळून पाहिलं.

"राहू दे," तो म्हणाला, आणि सगळ्यांमागून धुक्यात उतरला.