साहेबांचे भालेराव काका

भालेराव काकांच्या घरात भाड्यानं कॉट हवी असेल तर आधी माशाला पसंत पडावं लागायचं. मी किनवटहून आलेलो, नववीत शाळा सुटलेली, वारज्यातल्या एका मेसमध्ये चपात्या लाटायचं काम नुकतंच लागलेलं. कुणीतरी पत्ता दिला म्हणून पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. काकांनी नाव विचारलं नाही की गाव विचारलं नाही. हॉलमधल्या पाच फुटी काचेच्या टाकीसमोर स्टूल ठेवलं, मला बसवलं आणि म्हणाले, "हलू नका. त्यांना बघू द्या."

टाकीत एकच मासा होता. माझ्या पंजापेक्षा लांब, काळपट, अंगावर विझत आलेल्या निखाऱ्यांसारखे नारिंगी डाग. तो सावकाश काचेपाशी आला. एका डोळ्यानं माझ्याकडे बघितलं, मग वळून दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. मी श्वास रोखून बसलो, कारण त्या दिवशी मला पुण्यात दुसरीकडे कुठं झोपायला जागा नव्हती.

"ठीक आहे," काका म्हणाले. "कालच्या मुलावर कल्ले फुगवले होते. तुमची कॉट ही, टाकीशेजारची. काचेवर टिचकी मारायची नाही. तुम्ही झोपलेले असताना कोणी दार वाजवत बसलं तर तुम्हाला आवडेल का?"

माशाची जात ऑस्कर. दुकानात तो अंगठ्याएवढा मिळतो, लोक हौसेनं नेतात, वर्षभरात तो टाकीत मावेनासा होतो आणि मग कुणालाच नको असतो. काकांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं होतं. "आमचे साहेब असेच होते," ते म्हणायचे. "दिवसभर एका जागी बसून दुसऱ्यांची कामं बघायची. खायचं आलं की पुढं, आणि काही बदलायचं म्हटलं की आडवे."

काका एका इंजिनिअरिंग कंपनीत ड्राफ्ट्समन होते. त्यांच्या वस्तीतून ड्रॉइंग बोर्डापर्यंत पोचलेले ते पहिलेच. मग कंपनीत कॉम्प्युटर आले आणि बोर्डावरच्या माणसांना एकेक करून व्हीआरएस दिली. "नारळ दिला, वर शालही दिली," काका सांगायचे. "कंपनी संस्कारी होती." काकू तोवर गेल्या होत्या, मुलगी वैशालीताई खराडीला आयटीत लागली होती. घरी बसल्या बसल्या त्यांनी ही टाकी आखली. ट्रेसिंग पेपरवर, समोरून, वरून, बाजूनं, पूर्वी मशीनचे भाग आखायचे तशीच. काच कापणारा म्हणाला, काका, एवढ्या मापांत नदीवरचा पूल बांधून होईल. काका म्हणाले, "पूल नको, मासा आहे."

पाणी बदलायचं काम हळूहळू आम्ही दोघं करू लागलो. पहिल्याच खेपेला मी घाबरलो. निम्मं पाणी पाइपनं काढलं, पिंपात रात्रभर मुरवलेलं नवं पाणी भरलं, आणि बघतो तर साहेब तळाशी एका कुशीवर पडलेले. डोळा उघडा, पंख हलत नव्हते. मी स्वयंपाकघरात धावलो.

"काका, साहेब गेले."

"कुठं?"

"गेले म्हणजे... मेले."

त्यांनी गॅस बारीक केला, हात पुसले, टाकीपाशी आले आणि मला खाली वाकवलं. "कल्ले बघा. हलतायत ना? रुसलेत. न विचारता घर आवरलं म्हणून. दोन दिवस असेच पडतील. ह्या जातीला मरण्याचं सोंग फार छान येतं."

पाणीकपातीच्या दिवसांत सोसायटीचे चेअरमन दारात आले होते. "अहो भालेराव, इथं माणसांना प्यायला नाही आणि तुमचा मासा आंघोळ करतोय."

"तो आंघोळ करत नाही, त्यात राहतो," काका म्हणाले. "आणि काढलेलं पाणी तुमच्या कढीपत्त्याला घालतोय. आमटीला वास येतोय तो कशाचा, विचारलंत का कधी?" चेअरमन पुन्हा त्या विषयावर आले नाहीत.

मला मात्र सतत धास्ती असायची, की आपल्याला इथून काढतील. अधूनमधून विचारायचो, "काका, मी राहू ना?" उत्तर ठरलेलं, "अजून साहेबांची तक्रार नाही." मला कावीळ झाली तेव्हा काकांनी तांदळाची पेज करून घातली, अंथरूण धुतलं. मी म्हणालो, गावी जातो. ते म्हणाले, "का? तिथं कावीळ घाबरते का तुम्हाला?" बरा झाल्यावर वैशालीताईंना सांगून त्यांनीच मला खराडीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये लावलं. दोन बस बदलून जावं लागायचं, पण पगार वेळेवर होता. घरी पैसे पाठवताना मला पहिल्यांदा लाज वाटली नाही. हे ऋण मी कधी बोलून दाखवलं नाही. बोललो असतो तर त्यांनी काहीतरी तिरकस ऐकवलं असतं.

मग सोसायटी पाडून तिथं नवी उंच इमारत बांधायचं ठरलं. सगळ्यांनी घरं रिकामी करायची. वैशालीताई काकांना खराडीला न्यायला तयार होत्या, पण त्यांचा फ्लॅट भाड्याचा, आणि घरमालकानं करारातच लिहिलं होतं, प्राणी चालणार नाहीत, फिशटँकही नाही. काका म्हणाले, साहेबांची सोय लागल्याशिवाय मी हलणार नाही. माशांच्या दुकानदारानं हात जोडले. सोसायटीतले लोक सांगू लागले, खडकवासल्यात सोडून द्या, पुण्य लागेल. काका चिडले. "खडकवासल्यातल्या माशांनी ह्यांचं काय घोडं मारलंय? हा सगळ्यांना खाईल, नाहीतर थंडीनं मरेल. दोन्हीत पुण्य कसलं?"

शेवटी वैशालीताईंनीच मार्ग काढला. मी काम करत होतो त्या कंपनीच्या रिसेप्शनमध्ये भिंतभर टाकी होती, त्यातले छोटे मासे मेल्यापासून ती रिकामीच होती. ॲडमिनचे मॅनेजर हो म्हणाले. ताईंचा फ्लॅट तिथून चालत जाण्याइतका जवळ. काकांच्या चेहऱ्यावर कित्येक आठवड्यांनी रंग आला. "म्हणजे मी रोज भेटायला जाऊ शकेन," ते म्हणाले. "साहेब आता खरोखर साहेबांच्या ऑफिसात."

निळ्या पिंपात पाणी भरून, त्यात साहेबांना घालून, टेम्पोत मागं पिंप धरून आम्ही दोघं अख्खं शहर ओलांडून गेलो. नव्या टाकीत सोडल्याबरोबर साहेब कुशीवर पडले. काकांनी रिसेप्शनवरच्या मुलीला सांगितलं, मॅनेजरना सांगितलं, पाणी बदललं, घर बदललं, तीन-चार दिवस असेच पडतील, कुणी हात लावू नका. खिशातून त्यांनी घरून लिहून आणलेला कागद काढला. ड्रॉइंगवर असायची तशी सरळ, सुबक अक्षरं: मासा जिवंत आहे. हात लावू नये.

"काका, काचेवर काही चिकटवता येत नाही," मॅनेजर म्हणाले. "उद्या परदेशातले क्लायंट येतायत. मी सांगतो ना सगळ्यांना."

काकांनी कागदाची घडी घालून परत खिशात ठेवला.

मॅनेजरनी सांगितलंही असेल. पण सकाळी लवकर येणाऱ्या सफाईच्या बायकांपर्यंत ते पोचलं नाही. त्यातल्या एकीनं, लातूरकडच्या सुमनबाईंनी, तळाशी आडवा पडलेला मासा बघितला. पाहुणे यायचेत, आपल्या ड्युटीत मेलेला मासा दिसला तर बोलणी आपल्याला, म्हणून त्यांनी जाळीनं तो काढला, काळ्या पिशवीत बांधला आणि कचऱ्याच्या गाडीत दिला. वर काच पुसून लख्ख केली. मला हे कँटीनमध्ये जेवणाच्या वेळी कळलं. गाडी केव्हाच गेली होती.

मी गेटवर आलो तर काका गेटपासच्या रांगेत उभे होते. इस्त्रीचा शर्ट, हातात स्टीलचा डबा. त्यांना चार दिवस धीर निघणार नव्हता हे मला कळायला हवं होतं. मी जे झालं ते सांगितलं.

त्यांनी डबा ह्या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाले, "पिशवीत घालताना कल्ले हलत होते का, कुणी बघितलं का?"

"नाही काका."

"काका, पास करायचा का?" वॉचमननं विचारलं.

"नको. ज्यांना भेटायचं होतं ते नाहीत." त्यांनी डबा माझ्या हातात दिला. "कोळंबी आहे. ताजी आहे, टाकू नका, करून खा. आणि आत जाऊन भांडू नका. तुमची नोकरी आहे."

त्यानंतर काका वैशालीताईंच्या चौदाव्या मजल्यावर वर्षभरही जगले नाहीत. मी रविवारी जायचो. ते खिडकीकडे पाठ करून बसायचे, कारण खिडकीतून कंपनीची ती काचेची इमारत दिसायची. ताईंनी एक छोटा गोल्डफिश आणून दिला, तर म्हणाले, "परत दे. ह्याला पुरेल एवढा वेळ माझ्याकडे नाही." तक्रार कशाचीच नव्हती. जेवण कमी होत गेलं, बोलणं कमी होत गेलं. डॉक्टरांना सांगण्यासारखा आजार सापडला नाही.

शेवटच्या भेटीत त्यांनी आपणहून विचारलं, "ती सफाईवाली बाई आहे का अजून?"

"आहे."

"तिला कुणी सांगितलं का, की तो जिवंत होता?"

"नाही."

"सांगू नका," काका म्हणाले. "तिनं कुठं ठेवायचं ते?"

मी अजून तिथंच कामाला आहे, सुमनबाईही आहेत. चहा घ्यायला कँटीनमध्ये येतात तेव्हा कधी कधी तो विषय निघतोच. "दादा," त्या म्हणतात, "काय जड होता हो तो मेलेला मासा."

मी हो म्हणतो आणि त्यांच्यापुढं चहा ठेवतो.