चहा येईपर्यंत हलायचं नाही

“वहिनीले पॅरालिसिस आहे बे! तिचे सगळे टर्न तुमच्या घरचेच खेळून राह्यले.”

“हळू बोल. आत आहे ती.”

पहिलं वाक्य गोलूचं, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या शाळेपासूनच्या मित्राचं. दुसरं माझ्या नवऱ्याचं, संदीपचं. दोघं ओट्यावर चपला घालत होते आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी मेथी निवडत बसले होते. लग्न होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. माझ्या माहेरी, वरवट बकालला, पॅरालिसिस म्हणजे तोंड वाकडं होणं आणि मग गावभर औषधं सुचवणारे गोळा होणं. मी आधी आरशापाशी जाऊन तोंड पाहून आले. सरळ होतं.

तेव्हापासून आमच्या घरातल्या रविवारचे किस्से साठत गेले. बोलक्या माणसाचे किस्से जागच्या जागी संपतात. माझ्यासारखीचे मोरीतल्या कपांसारखे एकात एक चढत जातात आणि मग एक दिवस घासायला घ्यावेच लागतात. तर घेते.

*

जेवताना मी विचारलं, “अहो, पॅरालिसिस म्हणजे काय?”

संदीप कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क आहेत. घरी एरवी तीन शब्दांत उत्तर देतात. त्या दिवशी भाजी गार होईपर्यंत बोलले! तर, एक गेम आहे. त्यात एक हिरो तळघरात उतरतो. त्या तळघराखाली आणखी तळघर, त्याखाली आणखी. एक चाल हिरोची, मग एक चाल राक्षसांची. जीव एकच! मेला की पुन्हा पहिल्या मजल्यापासून, आणि सगळे मजले नव्यानं बदललेले. वाटेत रंगीत बाटल्या सापडतात. कुठल्या रंगात काय आहे, ते प्यायल्याशिवाय कळत नाही. एखादीनं जखम भरते. एखादीतून धूर निघतो आणि हिरोला पॅरालिसिस होतो.

“म्हणजे मरतो?”

“मरत नाही! तेच तं! त्याले सगळं दिसते, सगळं ऐकू येते. फक्त हलता येत नाही, आणि त्याचे टर्न जात राह्यतात. बाकीचे येतात आणि आपापली चाल खेळून घेतात, त्याच्यावरच!”

“असं होय,” मी म्हटलं, आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

*

दर रविवारी दुपारी आमच्या बैठकीत हा गेम चालतो. लॅपटॉप संदीपचा, टीव्ही घरचा. हिरो एकच, पाळीपाळीनं खेळणारे चार. संदीप, मेडिकल स्टोअरवाला गोलू, गणिताच्या शिकवण्या घेणारे पवन सर आणि चौथे आमचे सासरे!

बाबा खरं तर पहिल्या रविवारी रागवायला आले होते म्हणे. “एवढाले घोडे झाले आणि खेळून काय राह्यले?” पण बाबांची सगळी नोकरी कोर्टात गेली. दोन मिनिटं उभ्यानं पाहिल्यावर त्यांनी विचारलं, “याले नियम काय आहेत?” मग खुर्ची ओढली.

त्यांचं म्हणणं पडलं, की निष्काळजीपणा खेळणाऱ्याचा आणि शिक्षा बिचाऱ्या हिरोला, हे न्यायाला धरून नाही. म्हणून त्यांनी नियम केला. ज्याच्या हातून हिरोला पॅरालिसिस होईल, त्यानं आतून पुढचा चहा येऊन टीपॉयवर ठेवला जाईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. हलला किंवा बोलला की डाव रद्द! हिरो पुसून टाकायचा आणि पुन्हा पहिला मजला.

“आणि अपील?” गोलूनं विचारलं.

“या घरात अपील नाही,” बाबा म्हणाले.

हे मात्र मला आधीच माहीत होतं.

*

गोलूचं लग्न ठरायचं होतं. चिखलीच्या एका मुलीचे मामा त्याला पाहायला यायचे होते, आणि त्यांना कोणीतरी सांगितलं की रविवारी गोलू आमच्याकडेच सापडतो. ते दारात आले आणि त्याच मिनिटाला गोलूचा हिरो धुराच्या सापळ्यावर पाय देऊन बसला. झालं! गोलू पुतळा.

मामांनी विचारलं, “आपलंच नाव गोविंद का?”

गोलू समोर पाहत बसला.

“दुकान कसं चालू आहे?”

गोलू समोरच पाहतोय! बाबा गंभीरपणे म्हणाले, “तो सध्या बोलू शकत नाही.”

“मौन पाळतात?” मामांचे डोळे चमकले. “या वयात? वा!”

मी चहा आणेपर्यंत मामा बससाठी निघूनही गेले. संध्याकाळी निरोप आला. मुलगा धीरगंभीर आहे, पसंत आहे, बाकीचं फोनवर बोलू.

मग गोलू फोनवर बोलला, आणि नकार आला.

*

पवन सर दिसेल ती बाटली पितात. त्यांचं तत्त्वच आहे, “प्रश्न सोडून द्यायचा नाही. अटेम्प्ट करायचा!” त्यामुळे सगळ्यात जास्त वेळा तेच पुतळा होतात.

एकदा ते असे बसलेले असताना एक माशी त्यांच्या नाकावर बसली. सरांचे डोळे गच्च मिटले.

“सर हलले! सर हलले!” गोलू ओरडला.

बाबांनी चष्मा काढून सरांकडे पाहिलं. म्हणाले, “पापणी माणसाच्या ताब्यात नसते. पापणीले परवानगी आहे. हरकत फेटाळली.”

चहा टीपॉयवर टेकला आणि सर उसळलेच. “पण काका, मी प्यायच्या आधी सगळ्यायले विचारलं होतं! सगळे हाव म्हणले होते! मंग मी एकट्यानंच काऊन बसायचं?”

बाबा विचारात पडले. मुद्दा बिनतोड होता. कपातला चहा संपल्यावर त्यांनी नियमाला पुरवणी जोडली. “यापुढे ज्यानं ज्यानं हाव म्हटलं, तो बसन. ज्याले विचारलंच नाही, तो मोकळा.”

मी रिकामे कप उचलत होते. पुरवणी मी नीट ऐकली.

*

एका रविवारी संदीपची पाळी होती. चिवड्याच्या ताटलीकडे हात गेला आणि तिकडे हिरो थिजला. हात हवेतच! इकडे मी चहा टाकला तर दूध नासलं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दूध संपलेलं. पुढच्या दुकानात गेले. तिथे शेजारच्या काकू भेटल्या, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली. नवी सून आहे, न विचारून कसं चालेल?

परत आले तर हात अजून हवेतच होता, फक्त आता थरथरत होता. बाबा म्हणत होते, “थरथर ही हालचाल आहे का, यावर निर्णय राखून ठेवला आहे.”

त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की या गेमचं एक बटण स्वयंपाकघरात आहे.

पुढच्या रविवारी गोलू पुतळा झाला. मी आलं किसायला घेतलं. मग वाटलं, किसण्यापेक्षा ठेचलेलं बरं. मग वाटलं, ठेचतच आहोत तर दोन वेलच्याही सोलाव्यात. वहिनीला पॅरालिसिस आहे ना? मग वहिनीचा हात जरा सावकाशच चालणार!

“वहिनी, चहा एक नंबर!” गोलू नंतर कपाळ पुसत म्हणाला.

“हो का,” मी म्हटलं.

*

आईंना, म्हणजे सासूबाईंना, या गेमचा भयंकर राग. रविवारी टीव्ही मिळत नाही! एकदा त्या तणतणत आल्या आणि म्हणाल्या, “द्या इकडे. पाहू तरी काय सोनं निघून राह्यलं त्याच्यातून.”

हिरो एका खोलीत होता. दारातून एक राक्षस तोंडातून धूर सोडत येत होता. सगळे एकदम ओरडायला लागले. तलवार काढा! बाण मारा! बाटली फेका!

आईंनी दार लावून घेतलं.

राक्षस बाहेर, धूर बाहेर, हिरो आत! पवन सरांनी तर टाळ्या वाजवल्या. “काकू, आता थोडा वेळ थांबा, धूर विरला की दार उघडा.”

“कशाले उघडू?” आई म्हणाल्या. “चांगला आहे तो आत.”

त्यांनी उघडलं नाही. कोणाला उघडू दिलंही नाही. सगळी दुपार हिरो त्या खोलीत सुखरूप उभा होता.

*

मी बी.एस्सी. बी.एड. आहे. लग्नाआधी दुसरबीडच्या एका शाळेत मुलाखत दिली होती. विज्ञानाची जागा. वाटलं, गेली असेल. तर परवा शाळेतून फोन आला, निवड झाली आहे. माझ्या बी.एड.च्या मैत्रिणीची तिथे खोली आहे, ती म्हणाली, ये, दोघी राहू. इथून, बुलढाण्याहून, रोज जाऊन येऊन जमण्यासारखं ते अंतर नाही. आठवडाभर तिथे आणि शनिवारी सकाळची शाळा करून घरी. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. वर्गात उभी राहिले की मी गप्प नसते, हे या घरातल्या कोणी पाहिलेलंच नाही.

मी संदीपना सांगितलं. ते म्हणाले, “चांगलं आहे ना! बाबा काय म्हणतात, बघू.”

बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, “नव्या सुनेनं पाच दिवस परगावी... हं. घरातलं तुझ्या सासूचं खातं. ती काय म्हणते, बघू.”

आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी काय सांगू बाई? नवरा तुहा. संदीप काय म्हणते, बघू.”

नाही कोणीच म्हणालं नाही! तिघं एकमेकांकडे बघत होते आणि मी तिघांकडे. टर्न जात होते.

मग रविवारी सकाळी शाळेतून पुन्हा फोन आला. उद्या रुजू व्हा, नाहीतर आम्ही पुढच्या उमेदवाराला बोलावतो.

मी “येते” म्हटलं. फोन ठेवला आणि बॅग भरली. आता घरात सांगायचं तेवढं बाकी होतं.

*

त्याच दुपारी डाव इतका रंगला होता की काय सांगू! हिरो कधी नव्हे इतका खाली पोचला होता. या मजल्यावर आजवर कोणीच गेलं नव्हतं. गोलूनं दुकान भावावर सोपवलं होतं, पवन सरांनी जादा तास रद्द केला होता, आणि टीव्हीवर हक्क सांगायला आलेल्या आईसुद्धा पदर खोचून बाबांच्या शेजारी बसल्या होत्या.

हिरो जखमी. पुढे जायचं तर जखम भरायला हवी, आणि हातात उरलेली एकच बाटली. निळी. आत काय, देव जाणे!

“आधी दार लावा,” आई म्हणाल्या. दार लावलं.

“आता ठराव,” बाबा म्हणाले. “प्यायची का?”

“हाव!” गोलू.

“अटेम्प्ट करायचीच!” पवन सर.

“हाव,” संदीप.

“अवो, तुमचं काय?” बाबांनी आईंना विचारलं.

“पाजा एकदाचं त्याले! लेकरू केव्हाचं उभं आहे.”

“माझाही होकार. ठराव एकमतानं मंजूर!”

मी ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. मला कोणी विचारलं नाही.

हिरोनं बाटली तोंडाला लावली. खोलीभर निळा धूर झाला.

बैठकीत एकदम पाच पुतळे! बाबा हात वर केलेल्या अवस्थेत. पवन सरांचा चष्मा नाकाच्या टोकाशी. गोलूचं तोंड उघडं, आत चिवडा. आईंनी तोंडाला पदर लावलेला, तो तसाच. संदीपचं बोट बटणावर. वर पंखा तेवढा फिरत होता. पाचही जणांनी डोळे फिरवून ट्रेकडे पाहिलं.

पाच कप होते. वाफ निघत होती. मी टीपॉयपर्यंत गेले आणि ट्रे हातातच धरून उभी राहिले.

“उद्या सकाळच्या गाडीनं मी दुसरबीडले जाऊन राह्यली,” मी म्हटलं. “शाळेत रुजू होते. तिथं मैत्रिणीची खोली आहे. शनिवारी दुपारी घरी येईन.”

संदीपची पापणी हलली. पापणीला परवानगी होती. बाबांचा वर केलेला हात थरथरायला लागला. गोलूच्या तोंडातून एक शेंगदाणा खाली पडला.

मी बाबांकडे पाहिलं, मग आईंकडे, मग संदीपकडे.

“कोणाची हरकत असंन तं आत्ताच सांगा. नसंन, तं चहा ठेवते.”