हमरियातल्या किल्ल्यातला लू कार्कोल

आरंभीच स्पष्ट करते: इराचा किल्ला मी पाडला. वाऱ्याने नाही, मांजराने नाही, मी! आणि तोही किल्ल्यांच्या स्पर्धेची परीक्षक म्हणून हातात लाल पेन धरून. एवढे कबूल केल्यावर गालातल्या गालात हसू नका. हसायचेच असेल तर मोठ्याने हसा. माझ्या सख्ख्या लेकीने तसेच केले.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर हिवाळ्यात मी मस्कतला वैशालीकडे, म्हणजे माझ्या लेकीकडे, येते. ती राहते तिथल्या हमरिया भागात. खाली शिंपी, न्हावी, मोबाईलवाला आणि वर आम्ही. इमारतीमागे फरशीचे अंगण आहे. तिथे दिवाळीत मुलांची किल्ल्यांची स्पर्धा असते. माती जवळच्या कोरड्या ओढ्यातली, पोती तांदळाची, आणि मावळे पुण्याहून, हातातल्या पिशवीतून. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने भाला धरलेला मावळा किती वेळ उलटसुलट करून पाहिला, ते विचारू नका!

परीक्षक म्हणून माझे नाव सुचवले कोणी? मीच. दुसऱ्या कोणाला सुचण्याची वाट का पाहायची? शिवाय मी अट घातली की प्रत्येकाने आपल्या किल्ल्याची माहिती मराठीतच सांगायची.

ही अट इराला जड होती. इरा तळमजल्यावर दुकानांच्या मागे राहणारी, दहा वर्षांची. खेळायचे इंग्रजीत, शाळेत शिकायचे फ्रेंच, आणि मराठी फक्त आईने डोळे वटारले तर. यंदा पहिल्यांदाच ती आपणहून स्पर्धेत उतरली होती. आदल्या दिवशी तिच्या आईने, मृणालने, मला जिन्यात गाठले.

"बाई, एक रिक्वेस्ट आहे. इरा खूप घाबरलीय हो. उद्या तिचा मूड गेला ना, तर पुन्हा मराठीचं नाव काढणार नाही ती. प्लीज, जरा सांभाळून घ्या."

"मृणाल, माझ्या वर्गातून आजवर एकही मूल रडत बाहेर पडलेले नाही."

मागे उभ्या असलेल्या वैशालीला जोराचा ठसका लागला. तिकडे मी दुर्लक्ष केले.

शुक्रवारी सकाळी मी अंगणात उतरले. दिवाळीच्या किल्ल्यात गुहा असते आणि गुहेत वाघ असतो. का असतो? कोणास ठाऊक! पण गुहा रिकामी सोडलेली आपल्याला चालत नाही. त्या दिवशीही प्रत्येक गुहेत वाघ होता. एका वाघापेक्षा मावळा आकाराने मोठा होता, त्याची मी नोंद घेतली.

मग इराचा किल्ला. अहाहा! तटबंदी रेखीव, उतारावर अळीव हिरवेगार उगवलेले, बालेकिल्ल्यावर जरीपटका. इरा कपडे बदलायला घरात गेली होती. मृणाल जवळ उभी होती. मी प्रसन्न होऊन गुण लिहिणार, तोच लक्ष गुहेकडे गेले. गुहेच्या तोंडातून ओल्या, चिकट, धागे सुटलेल्या सुतळ्या बाहेर लोंबत होत्या. पायऱ्यांवर सुतळी, तटावर सुतळी, मावळ्यांच्या पायांत सुतळी!

"हा काय गबाळेपणा?"

"बाई, ते ना, इराने—"

"मध्ये बोलू नकोस, मृणाल. पोत्याची सुतळी काढायची राहिली आहे. एवढ्याशा कारणासाठी पोरीचे गुण का कापायचे? मीच काढून टाकते."

पाहिलेत? हेतू किती थोर! मी सांभाळूनच घेत होते!

एक सुतळी ओढली. येईना. मग मूठभर धरून ओढल्या. आणि गुहेच्या अंधारातून काहीतरी पुढे सरकले. काळे, ओले, केसाळ. त्याला दोन डोळे होते आणि ते डोळे काड्यांच्या टोकांवर होते!

"साप!" मी किंचाळले.

मी मागे सरले, ते पुढे आले. मी आणखी मागे, ते आणखी पुढे! सुतळ्या माझ्याच मुठीत आहेत, हे त्या क्षणी ध्यानात आले असते, तर आज तुम्हाला सांगायला माझ्याकडे काही उरले नसते.

'साप' हा शब्द तीन मजले चढायला कितीसा वेळ लागतो? दुकानातून शिंपी कात्री घेऊन धावला. वरून वैशाली एका पायात चप्पल आणि दुसरी हातात घेऊन आली. सोहारला कारखान्यात काम करणारे कुडाळचे सावंत सुट्टीसाठी आले होते, ते झाडू घेऊन अवतरले.

"खंय? खंय आसा साप?"

"गुहेत! माझ्या मागे लागला आहे!"

"अवो बाई, सापाक केस खंय असतत?"

"सावंत, चर्चा नंतर करू! आधी मारा!"

एवढ्यात इमारतीचे मालक आले. ते ओमानी; सगळे त्यांना अर्बाब म्हणतात. पांढरा झगा एका हाताने सावरत, दुसऱ्या हातात काठी. "मामा, क्या हुआ? साप किधर?" मामा म्हणजे मीच; तिथे वयस्कर बाईला तसे म्हणतात.

"गुफा के अंदर!" मी ओरडले.

सावंतांनी झाडू उगारला, अर्बाबांनी काठी रोखली, आणि मी जिवाच्या आकांताने मागे उडी मारली.

आता बांधकामाची एक बाब सांगितली पाहिजे. इराने त्या सुतळ्या नुसत्या टाकलेल्या नव्हत्या. त्या तटाखालून, बुरुजाखालून, थेट बालेकिल्ल्याच्या पोटातून नेल्या होत्या. त्यामुळे माझ्या उडीमागोमाग आधी तट आला, मग बुरूज आला, मग जरीपटक्यासकट बालेकिल्ला आला. मी फरशीवर बसकण मारली होती, आणि तो प्राणी माझ्या मांडीवर. त्याच्या पाठीवर नारळाची करवंटी होती.

अर्बाबांनी काठीने करवंटी टोकरली. "नारियल," ते म्हणाले. "खलास. नो प्रॉब्लेम."

प्रॉब्लेम दारात उभा होता. नवे परकर-पोलके घातलेली इरा.

"आज्जी, तू लू कार्कोलला का ओढला?"

"कोणाला, बाळ?"

मृणालने हताशपणे खुलासा केला. लू कार्कोल हा फ्रान्सच्या लोककथेतला राक्षस. थोडा साप, थोडी गोगलगाय. एका गावाखालच्या गुहेत राहतो. त्याच्या लांबच लांब, केसाळ, चिकट सोंडा बाहेर दूरवर पसरलेल्या असतात. कोणाचा पाय पडला की त्याला खेचून आत नेतात. फ्रेंचच्या तासाला ऐकलेला हा राक्षस इराला इतका आवडला, की वाघाला रजा देऊन तिने किल्ल्याच्या राखणीला त्याला बसवले. अंगाला बाबांचा मोजा, डोळ्यांना मणी, आणि चिकटपणासाठी साबुदाण्याची खळ.

"मी नाही करणार आता," इरा म्हणाली. "मला मराठीत नाही बोलायचं. काही पण नाही बोलायचं." आणि ती घराकडे वळली.

मृणालने माझ्याकडे पाहिले. मी उठायला गेले, पण उठते कशी? खळ वाळत आली होती. सुतळ्यांचा गुंता दोन्ही हातांना, पदराला घट्ट चिकटला होता.

"इरा," मी म्हणाले, "अगं, याने मला पकडले आहे. गोष्टीत माणसे सुटतात कशी?"

ती थांबली. "कोणी सुटत नाही."

"मग काय होते?"

"आत जातात. तो खातो."

"पण आता आत जायचे कुठून? गुहा तर मी पाडली!"

इराच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. मी आधी घाबरले, मग कळले, ती हसू दाबत होती. ते दाबले गेले नाही. मग ती परत आली आणि तिथेच उभी राहून सगळी गोष्ट सांगू लागली. मराठीत! कधी राक्षस 'ती' होत होता, कधी गुहा 'तो'. मी ओठ घट्ट मिटून बसले. वैशाली म्हणते, तिने मला इतका वेळ गप्प आयुष्यात पाहिले नव्हते. सावंत अर्बाबांना हिंदीत समजावत होते आणि अर्बाब दर वाक्याला विचारत होते, "फिर? फिर क्या हुआ?"

गोष्ट संपल्यावर तिथेच सभा भरली. ठरले ते असे: दुसऱ्या दिवशी किल्ला पुन्हा उभारायचा. माती मी मळायची, इरा सांगेल तशी. परीक्षक अर्बाब; ते "इन्शाल्ला" म्हणाले, तो होकारच धरला, आणि मी पदावरून गेले. लू कार्कोल गुहेतच राहणार. आणि त्याच्या सोंडेत अडकलेली मातीची एक आज्जी करून गुहेच्या तोंडाशी ठेवायची, ही इराची सूचना.

"हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा," इरा म्हणाली. सगळ्या मुलांनी हात वर केले. मृणालने केला, सावंतांनी झाडूसकट केला, वैशालीने तर दोन्ही केले. माझे हात एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे जोडलेलेच होते. इराने तीच माझी संमती धरली.