बाळापूरवाली

लाभार्थी हा शब्द ऐकला की मला चीड येते. दारात ताटकळत ठेवलेल्या माणसाला इतकं गोंडस नाव कोणाला सुचलं, कोणास ठाऊक.

माझ्या काकूचं सासर बडनेरा, माहेर बाळापूर. आमच्याकडे जुनी माणसं सुनेला नावानं हाक मारत नाहीत, तिच्या माहेरच्या गावानं मारतात. म्हणून साऱ्या मोहल्ल्यात ती बाळापूरवाली. रेशनकार्डाच्या माणसानं दारात येऊन सुनेचं नाव विचारलं, तेव्हा आजीनं सवयीनं तेच सांगितलं आणि त्या शहाण्यानं तसंच लिहून घेतलं. रेशनवाला सगळ्यांना तोंडानं ओळखायचा, त्यामुळे कित्येक वर्षं कोणाचं काही अडलं नाही.

अडलं ते डोळ्यापाशी. काचबिंदूनं काकूचा डावा डोळा आधीच गेला होता, आता उजव्यातही तेच सुरू झालं. अमरावतीत तारीख मिळेना म्हणून तिला अकोल्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लवकर ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नसते. काकू सातवी शिकलेली. पाणी भरून झालं की शेजारणी तिच्या ओट्यावर जमत आणि ती त्यांना पेपर वाचून दाखवी, मधे मधे पुढाऱ्यांना शिव्या घालत. तिचं वाचणं बंद होईल हे माझ्या मनाला पटेचना.

पिवळ्या कार्डावर ऑपरेशन फुकट होतं. बाहेर करायची ऐपत ना तिची, ना अमरावतीच्या राजापेठेत शिकवण्या घेणाऱ्या माझी. दवाखान्यात योजनेच्या खिडकीवर बसलेल्या माणसानं कार्ड पाहिलं, आधार पाहिलं आणि हसत सुटला. शेजारच्याला दाखवून पुन्हा हसला.

"ही बाळापूरवाली कोण? आधारवर तर दुसरीच बाई आहे."

"दुसरी कोण असन? मीच आहो ना," काकू म्हणाली. "मले सारे तसंच म्हणतात."

"सरकार नाही म्हणत. नाव दुरुस्त करून आणा."

मग तहसीलच्या चकरा. तिथला बाबू खर्रा चघळत "परवा या" म्हणे. परवा गेलं की साहेब मीटिंगला, नाहीतर सर्व्हर बंद. दरवेळी वाटायचं, आता झालंच, म्हणून दुसरीकडे हातपाय हलवायचं सुचतच नव्हतं. एकदा तर त्यानं विचारलं, "म्हातारे, या वयात नाव बदलून काय लग्न करून राहिली का?" अख्खं ऑफिस खिदळलं. मी तोंडाला येईल ते बोलले. काकूनं माझा हात दाबला. "चूप राय ना वं. त्याच्याच हातात आहे सारं." पेपर वाचता वाचता भल्याभल्यांची सालटी काढणारी माझी काकू त्या खर्रा थुंकणाऱ्या माणसापुढे अशी नमली. त्या ऑफिसची मला आजही किळस येते.

कार्ड शेवटी झालं, पण ते गुपचूप हातात दिलं नाही. मंडप टाकला, पुढारी बोलावला, आम्हाला लाभार्थी म्हणून रांगेत बसवलं. तोवर काकू माझा खांदा धरून चालायला लागली होती. पुढाऱ्यानं कार्ड तिच्या हातात दिलं, फोटो होईपर्यंत दुसरं टोक स्वतः धरून ठेवलं आणि माईकवर लाडानं म्हणाला, "वाचा मावशी, आता बरोबर आहे ना नाव?"

काकूनं कार्ड डोळ्यांपाशी नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं. मग त्याच्यापुढे केलं.

"तूच वाच ना बापा," ती म्हणाली. "मले आता काई दिसत नाई."