ट्रॅक्टर पुरा आलाय

डिझेल आणि ओल्या चिखलाचा वास एकत्र आला की मला सोनिवलीतली आमची भाताची खाचरं आठवतात. मोठा ट्रॅक्टर त्या अरुंद बांधांत वळतच नसे, म्हणून बाबांनी छोटा घेतला. आसपासच्या गावांतले असेच छोटे ट्रॅक्टरवाले रविवारी आमच्या ओट्यावर जमायचे आणि नातवंडांचे दाखवावेत तसे आपापल्या ट्रॅक्टरचे फोटो खिशातून काढून दाखवायचे. एकदा बाबांनी लावणीच्या दिवसांतला फोटो पुढे केला. ट्रॅक्टर चाकापासून छतापर्यंत झकास आला होता, पण बाजूला उभ्या असलेल्या आईचं मानेवरचं सगळं कापलं गेलं होतं. "वैनीचा डोका कुठं गेला रं?" चिखलोलीचे काका हसत सुटले. बाबा गंभीरपणे म्हणाले, "टॅक्टर पुरा आलाय ना? मंग!" चहा घेऊन आलेल्या आईने वाकून फोटो पाहिला. फोटोतल्या तिच्या चिखलाने माखलेल्या हातांत भाताच्या रोपांची जुडी होती. "हात आलं ना माजं?" ती म्हणाली, "कामाला तेच लागतान." आणि कपबश्या मांडू लागली. आता त्या खाचरांवर बिल्डिंगी आहेत. आईचे पुढे लग्नकार्यात पुष्कळ फोटो निघाले, नीट चेहरा दिसणारे. पण तिची आठवण आली की मी हाच काढून बसतो.